विदर्भातल्या खेड्यात राहणं उदास करणारं असतं की आनंदाचं?

तुम्ही लिहिलंय की तुम्ही कोल्हापूरकडचे, बँकेत नोकरीला आहात आणि यवतमाळ जिल्ह्यातल्या एका ग्रामीण शाखेत तुमची बदली झाली आहे. नातेवाईक म्हणतात, तिकडे ऊन, आत्महत्या आणि कंटाळा याशिवाय काही नाही. एक मित्र म्हणतो, माणसं फार मोकळी आहेत, मजेत राहशील. यातलं खरं काय, आणि बायको व लहान मुलीला सोबत आणावं का, हे तुम्हाला विचारायचं आहे.

माझं माहेर भंडारा जिल्ह्यात, लाखांदूर तालुक्यात. तो धानाचा मुलूख. सासर यवतमाळ जिल्ह्यात, म्हणजे कापूस, सोयाबीन आणि तूर. घरची शेती कोरडवाहू आहे, ती नवरा आणि दीर बघतात. मी गावात सेवा केंद्र चालवते. सातबारा, पीकविमा, ई-केवायसी, पोरांचे दाखले, सगळं माझ्या टेबलावरून जातं. त्यामुळे कोणत्या महिन्यात माणसं कोणत्या चेहऱ्याने येतात, हे मला रोज दिसतं.

ज्याचा पगार एक तारखेला जमा होतो, त्याला इथं राहणं आनंदाचं आहे. ज्याचं वर्ष पावसावर आणि बाजारभावावर ठरतं, त्याला वर्षातले काही महिने फार जड जातात. तुम्ही पगारवाल्यांतले. पण दिवसभर तुमच्या काउंटरपुढे दुसरी माणसं उभी राहणार आहेत, आणि त्यांचे जड महिने थोडे हलके करणं बऱ्याच अंशी तुमच्या हातात असणार आहे. म्हणून तुम्हाला जरा सविस्तर लिहिते.

उन्हाचं आधी सांगून टाकते. मे महिन्यात ४५ अंश ही इकडे बातमी नसते. माणसं पहाटेच वावरात जातात, अकराच्या आत घरी येतात, चारनंतर पुन्हा बाहेर पडतात. दुपारी गाव झोपलेलं असतं, तो आळस नाही. कूलर घ्या, त्याला वाळ्याच्या ताट्या लावा, आणि स्लॅबच्या घराचा वरचा मजला भाड्याने घेऊ नका, भिंती रात्री उशिरापर्यंत तापलेल्या असतात. एका उन्हाळ्यात सवय होते.

आता आत्महत्यांचं. हे टाळून विदर्भाबद्दल बोलणं मला जमणार नाही. २००६ च्या जुलैत पंतप्रधान मनमोहन सिंग इकडे आले आणि यवतमाळ, अमरावती, अकोला, वाशिम, बुलढाणा, वर्धा या सहा जिल्ह्यांसाठी ३७५० कोटींचं पॅकेज जाहीर झालं. त्यालाही आता बराच काळ लोटला. बातम्या थांबल्या नाहीत. बाहेरच्या माणसाला वाटतं, इथली माणसं मनाने कच्ची आहेत. मी रोज बघते, तशी ती नाहीत. त्यांच्यावर ताण येतो तो ठरलेल्या महिन्यांत, ठरलेल्या कारणांनी येतो.

पहिला महिना जून. मागच्या जूनमध्ये एक काका माझ्याकडे आले. हातात कापडाच्या दुकानाची प्लास्टिकची पिशवी, तिच्यात सातबारा, आठ-अ, आधारची झेरॉक्स, पासबुक, सगळं नीट घडी घालून ठेवलेलं. बँकेने त्यांना आधी एक कागद सांगितला, तो नेला तर दुसरा, आणि तो नेल्यावर आजूबाजूच्या बँकांचा बेबाकी दाखला, म्हणजे तिथं काही कर्ज बाकी नसल्याचा कागद. मला म्हणाले, "पोरी, हा कागद कोठी भेटते वं?" मृग सरत आला होता, शेजारच्या वावरात पेरा सुरू होता आणि हे एसटीने तालुक्याला चकरा मारत होते. शेवटी त्यांनी कृषी केंद्रातून बी-खत उधारीवर उचललं. उधारीचा भाव रोखीपेक्षा जास्त असतो, आणि माल निघाला की तो दुकानदार सांगेल त्याच काट्यावर घालावा लागतो. म्हणजे ऑक्टोबरातला त्यांचा तोटा जूनमध्येच ठरून गेला, पाऊस कसाही पडो. त्यात पेरणीनंतर पावसाने मोठा खंड दिला की दुबार पेरणी आलीच, आणि दुसऱ्यांदा बी घ्यायला पैसे कुठून आणायचे?

मग दसरा-दिवाळी. सोयाबीनच्या सोंगणीच्या वेळी पाऊस आला की गंजी भिजते, दाणा काळा पडतो आणि माल ओला म्हणून भाव पडतो. २०२४ च्या हंगामात सोयाबीनचा हमीभाव ४८९२ रुपये होता आणि बाजारात चार हजारांच्या आसपास विकावं लागत होतं. कापसाने २०२१-२२ ला क्विंटलमागे दहा हजारांच्या वरचा भाव दाखवला. त्या वर्षी गावात किती घरांवर स्लॅब पडला, किती लग्नं उरकली! पुढच्या वर्षांत तोच कापूस सात हजारांच्या आसपास आला. २०२५ मध्ये लांब धाग्याचा हमीभाव ८११० झाला, पण ऑगस्टात सरकारने परदेशी कापसावरचं आयात शुल्क वर्षअखेरपर्यंत काढून टाकलं आणि बाजार दबलेलाच राहिला. हमीभावाने सीसीआयला, म्हणजे सरकारच्या कापूस महामंडळाला, विकायचा तर आधी 'कपास किसान' ॲपवर नोंदणी हवी, मालात ओलावा १२ टक्क्यांच्या आत हवा. ज्या कास्तकाराकडे, म्हणजे शेतकऱ्याकडे, साधा बटणाचा फोन आहे, त्याने ॲप कशावर उघडायचं? असे कितीतरी जण माझ्या केंद्रात बसून होते आणि नेटवर्क यायचं ते रात्री.

तिसरा जड महिना मार्च. ३१ मार्चच्या आत पीककर्ज भरलं तर व्याजाची सवलत मिळते, म्हणून नवं-जुनं करायची, म्हणजे जुनं कर्ज भरून नवं घ्यायची, धावपळ चालते. घरात पैसा नसतो. मग दोन-चार दिवसांसाठी सावकाराकडून उचलायचं, बँकेत भरायचं, नवं कर्ज हातात आलं की सावकाराचं फेडायचं. त्या चार दिवसांचं व्याज तो काय लावतो ते तुम्हाला शाखेत बसून कळणार नाही, कोणी सांगणारही नाही. पण तुम्ही मंजुरीला आठ दिवस लावले की ते व्याज दुप्पट होतं, एवढं लक्षात ठेवा.

आणि ज्या घरातला माणूस गेला त्या घरातली बाई. एक लाखाची सरकारी मदत मिळते, पण आधी प्रकरण पात्र की अपात्र हे ठरतं. जमीन कोणाच्या नावावर होती, कर्ज बँकेचं होतं की हातउसनं, हे बघितलं जातं. कितीतरी घरांत सातबारा अजून सासऱ्याच्या नावावर असतो आणि कर्ज नातेवाइकांचं किंवा सावकाराचं, तोंडी. कसणारा गेला तरी कागदावर तो शेतकरीच नसतो. असे अर्ज मी भरते तेव्हा समोर बसलेल्या बाईकडे बघवत नाही. उद्या अशी एखादी वारस नोंदीसाठी तुमच्याकडे आली तर तिला खुर्ची द्या आणि सगळे कागद एकाच फेरीत लिहून द्या. आणि तुमच्यापुढे कोणी कास्तकार 'आता काही उरलं नाही' असं बोलला तर ते कानाआड करू नका. त्याच्याशी बोला, घरच्यांना कळवा, आणि १४४१६ हा टेलिमानसचा, म्हणजे सरकारच्या मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा, नंबर द्या. त्यावर दिवसरात्र फुकट बोलता येतं, आणि मराठीत बोलता येतं.

कंटाळा म्हणाल, तर तो सगळ्यात जास्त तिशीकडे झुकलेल्या पोरांना आहे. माझा धाकटा दीर एमए, बीएड आहे, शेती मन लावून करतो, तुरीत त्याच्याएवढं उत्पन्न गावात थोड्यांना येतं. स्थळं येतात, 'मुलगा काय करतो' विचारतात आणि 'शेती' ऐकून चहा पिऊन परत जातात. कास्तकार बापच आपली पोर कास्तकाराला द्यायला तयार नाही. मी त्या बापांना दोष देत नाही, पण संध्याकाळी पानठेल्यावर बसलेली ही पोरं बघितली की पोटात तुटतं. यांतली बरीच तुमच्याकडे मुद्रा कर्ज मागायला येतील. त्यांचं नीट ऐकून घ्या.

आता तुमच्या मित्राचं खरं काय ते. इथं माणूस एकटा पडत नाही. कोणाच्या दारावरून गेलात तर 'या ना, बसा' होतंच, आणि जेवायच्या वेळी गेलात तर ताट वाढलं जातं. ते नुसतं तोंडदेखलं नसतं. पहिल्या पाच मिनिटांत पगार किती, लग्न झालं का, आडनाव काय, सगळं विचारून घेतील. पगाराचं विचारतात ते आपुलकीने. आडनाव विचारतात ते जात कळावी म्हणून. ते मला पटत नाही, पण आहे, आणि तुम्हाला ते जाणवणार.

संध्याकाळी बऱ्याच गावांत गुरुदेव सेवा मंडळाची सामुदायिक प्रार्थना असते. तुकडोजी महाराजांनी मोझरीहून ही रीत गावोगाव नेली. खंजिरी वाजते, लहान पोरं पुढे बसतात, म्हातारी मागे. जात, पक्ष, भाऊबंदकीचे वाद, सगळं तेवढ्या वेळापुरतं बाहेर राहतं. ज्या गावात प्रार्थना नियमित चालते, तिथं अडलेल्या घराकडे लोक लवकर धावतात, हे मी दोन्ही प्रकारची गावं बघून सांगते.

कापसाच्या पहिल्या वेच्याला सीतादही असते. वेचायला आलेल्या बायांसोबत घरची बाई वावरात जाते, पऱ्हाटीची, म्हणजे कापसाच्या झाडाची, पूजा होते, दहीभाताचा नैवेद्य दाखवतात आणि मगच ओटी बांधून बाया ओळीला लागतात. पांढरं शिवार, सकाळचं दव, आणि बोंड न तोडता पाकळीतून कापूस काढणारी त्यांची बोटं. कोरडा कापूस सहज सुटून हातात येतो, दवाने ओला असला की बोटांना चिकटतो आणि वजनात जड लागतो. वेचाई किलोवर असते, म्हणून बाया लवकर यायला बघतात आणि मालक दव उतरायची वाट बघतो. यावरून दरवर्षी थोडी बाचाबाची होते, आणि दुपारी त्याच बाया मालकिणीसोबत धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, बसून एकमेकींच्या भाज्या वाटून खातात.

हिवाळ्यात वावरात रोडगे होतात. गोवऱ्यांच्या आरात भाजलेले कणकेचे रोडगे, तुपात चुरलेले, सोबत वरण आणि वांग्याची भाजी. स्वयंपाक पुरुष करतात आणि बाया बसून जेवतात, म्हणून मला हा बेत फार आवडतो. तुम्हाला बोलावणं येईलच. 'डायट आहे' म्हणू नका.

आणि एकदा तरी माझ्या माहेराकडे या. दिवाळीनंतर तिकडे गावोगाव मंडई, म्हणजे जत्रा, भरते आणि होळीपर्यंत झाडीपट्टीची, म्हणजे पूर्व विदर्भातल्या जंगलपट्ट्याची, नाटकं चालतात. वडसा म्हणजे देसाईगंज हे त्या नाटक कंपन्यांचं मुख्य ठाणं. नाटक रात्री उशिरा सुरू होतं आणि उजाडताना संपतं. शेतात मांडव, पुढे बसायला तट्ट्या, थंडीत चादरी पांघरून चार-पाच गावांची माणसं. दिवसा शंकरपट, म्हणजे बैलांची शर्यत, असेल तर बघायलाच नको. गावात त्या दिवशी एकही घर पाहुण्यांशिवाय नसतं, आणि त्या गर्दीतच सोयरिकीची बोलणी निघतात. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या चार जिल्ह्यांत हा मोठा धंदा आहे, त्यावर कितीतरी कलाकारांची चूल पेटते. तिथले नाट्यकलावंत परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली, तेव्हा आमच्या माहेरच्या ग्रुपवर दिवसभर दुसरं काही नव्हतं. तिकडे धानालाही संकटं आहेत, जंगलाकडच्या गावांत वाघाची भीती आहे, मोहफुलं वेचायला पहाटे गेलेल्या बाया परत आल्या नाहीत असंही घडतं. तरी हिवाळ्यातलं झाडीपट्टीचं गाव उदास आहे, असं कोणीही म्हणणार नाही.

राहिला घरच्यांचा प्रश्न. आणा. एकटे राहिलात तर शनिवार-रविवार गाडीचं तिकीट बघण्यात जाईल आणि गाव तुम्हाला कधी दिसणारच नाही. पहिले दोन-तीन महिने तुमच्या बायकोला करमणार नाही, हे खरं आहे. बचत गटाच्या बैठकीला एकदा नेऊन बसवा, मग ओळखी आपोआप वाढतात. मुलीसाठी तर भरपूर आहे. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा असतो, पोरं लाकडी बैल सजवून घरोघर नेतात आणि बोजारा, म्हणजे खाऊ-पैसे, मागतात. त्यानंतर भुलाबाई, कोजागिरीपर्यंत पोरी संध्याकाळी घरोघर गाणी म्हणतात आणि खिरापत ओळखायला लावतात. मोठं दुखणं आलं तर यवतमाळ, सेवाग्राम, सावंगी किंवा नागपूर गाठावं लागतं, रात्री गाडीची सोय कोणाकडे आहे ते आधीच विचारून ठेवा. घर घेताना पाणी मे महिन्यात किती दिवसांआड येतं हे घरमालकाला नाही, शेजारच्या बाईला विचारा.

तुम्ही आधी एकटे रुजू व्हा, घर लावा. उन्हामुळे विदर्भातल्या शाळा बाकी महाराष्ट्रापेक्षा एक-दोन आठवडे उशिरा उघडतात, त्यामुळे दोघींना जूनच्या तिसऱ्या आठवड्यात आणलंत तरी मुलीची शाळा बुडणार नाही. दाखला आणि आधार सोबत असू द्या, बाकीचे कागद इथं निघतात.