घरात बसून घराचा नकाशा : दीर्घिकांविषयी वाचकांचे प्रश्न

दीर्घिकांवर आलेल्या प्रश्नांपैकी काही आज घेतोय. सारखे प्रश्न एकत्र केले आहेत. ज्यांची उत्तरं नुसत्या 'हो' किंवा 'नाही'त संपतात, ते वगळले आहेत.

प्रश्न : आकाशगंगा, दीर्घिका, तारकाविश्व असे शब्द वाचतो. हे सगळं एकच का? आणि आपली सूर्यमाला यात नेमकी कुठे बसते?

शब्दांचा घोळ आहे खरा, आणि तो आपणच घातलाय. तारे, वायू आणि धूळ यांचा गुरुत्वाकर्षणाने एकत्र बांधलेला प्रचंड समूह म्हणजे दीर्घिका. तारकाविश्व हा त्याचाच पर्यायी शब्द. आकाशगंगा हे मात्र विशेषनाम आहे, आपण राहतो त्या एका दीर्घिकेचं. 'शास्त्रज्ञांना नवी आकाशगंगा सापडली' असं हल्ली सर्रास छापून येतं. प्रत्येक नदीला गंगा म्हणण्यातलाच हा प्रकार. जाता जाता सांगतो, दीर्घिका या शब्दाचा संस्कृतातला अर्थ लांबट तळं. ज्याने कोणी तो या कामाला लावला त्याला दाद द्यायला हवी, कारण चपटी दीर्घिका कडेने पाहिली तर अगदी तशीच दिसते.

सूर्यमाला म्हणजे एक तारा आणि त्याचं कुटुंब. सूर्यापासून नेपच्यूनपर्यंत जायला प्रकाशाला चार तासांहून थोडा जास्त वेळ लागतो. आकाशगंगा या टोकापासून त्या टोकापर्यंत ओलांडायला साधारण १ लाख वर्षं लागतात.

प्रश्न : आपण आकाशगंगेच्या आत आहोत, मग तिचा बाहेरून काढलेला फोटो पुस्तकात कसा? कुठलं यान तिथे गेलं होतं?

कुठलंही नाही. तो फोटो नसतोच. एकतर ते मोजमापांवरून कुणी काढलेलं चित्र असतं, नाहीतर दुसऱ्याच एखाद्या दीर्घिकेचा फोटो आपल्या नावावर खपवलेला असतो. व्हॉयेजर १ हे यान १९७७ मध्ये निघालं. आज ते आपल्यापासून जेमतेम एका प्रकाशदिवसावर, म्हणजे प्रकाश एका दिवसात कापतो तेवढ्या अंतरावर आहे. त्याच्या वेगाने एक प्रकाशवर्ष कापायला १७ हजारांहून जास्त वर्षं लागतात, आणि आकाशगंगा एका नजरेत मावावी इतकं वर जायचं तर हजारो प्रकाशवर्षं कापावी लागतील.

तेव्हा नकाशा घरात बसूनच काढावा लागला, आणि तो आधी चुकला. विल्यम हर्शेल या खगोलज्ञाने १७८५ मध्ये आकाशाच्या शेकडो तुकड्यांमधले तारे चक्क मोजले. जिकडे तारे जास्त तिकडे घर लांबवर पसरलेलं, असा त्याचा सरळ हिशेब. उत्तर आलं की सूर्य जवळपास मधोमध आहे. हिशेब ठीक होता, पण मध्ये धूळ आहे हे त्याला ठाऊक नव्हतं. दाट धुक्यात मैदानावर उभं राहिलं की चारही बाजूंना सारखंच अंतर दिसतं आणि आपण मैदानाच्या मध्यावर आहोत असं वाटतं. हर्शेलचं नेमकं तेच झालं.

पुढे १९१८ च्या सुमारास हार्लो शॅप्लीने वेगळी वाट धरली. ताऱ्यांच्या चकतीच्या वर आणि खाली, म्हणजे धुळीच्या पट्ट्याबाहेर, लाखो ताऱ्यांचे गोलाकार गुच्छ आहेत. ते सगळीकडे सारखे पसरलेले नाहीत, बरेचसे धनू राशीच्या बाजूला एकवटलेत. शॅप्ली म्हणाला, गर्दी जिकडे मध्य तिकडे. त्याची अंतरं फुगलेली निघाली, दिशा मात्र अचूक होती. धूळ खरोखरच ताऱ्यांचा प्रकाश गिळते हे रॉबर्ट ट्रम्पलरने १९३० मध्ये दाखवलं.

आकाशगंगेच्या भुजा, म्हणजे केंद्राभोवती वळत गेलेले ताऱ्यांचे आणि वायूचे पट्टे, दिसल्या त्या रेडिओमुळे. हायड्रोजन वायू २१ सेंटीमीटर लांबीच्या रेडिओ लहरी सोडतो आणि धूळ त्यांना अडवत नाही. या लहरी १९५१ मध्ये पहिल्यांदा पकडल्या गेल्या आणि थोड्याच वर्षांत सर्पिल भुजांचे तुकडे कागदावर उतरू लागले. अलीकडे 'गाया' या युरोपीय यानाने जवळजवळ २०० कोटी ताऱ्यांच्या जागा टिपल्या. तरीही केंद्राच्या पलीकडची बाजू अजून धूसरच आहे. मुख्य भुजा दोन की चार, यावरही एकमत नाही. सुंदर चित्रांखाली ही टीप कुणी छापत नाही, याची मला कायम चुटपुट लागते.

प्रश्न : मग या नकाशावर आपण नेमके कुठे? आपण स्थिर आहोत का?

केंद्रापासून सुमारे २६ हजार प्रकाशवर्षांवर, मृग भुजा नावाच्या एका छोट्या भुजेत. ना मध्यावर, ना अगदी काठावर. स्थिर तर मुळीच नाही. सूर्य सगळं कुटुंब घेऊन सेकंदाला सुमारे २२० किलोमीटर वेगाने केंद्राभोवती फिरतोय. एका फेरीला २२-२३ कोटी वर्षं लागतात. मागची फेरी सुरू झाली तेव्हा पृथ्वीवर पहिले डायनासोर वावरू लागले होते. जन्मापासून सूर्याच्या अशा वीसेक फेऱ्या झाल्या असतील.

प्रश्न : नुसत्या डोळ्यांनी दुसरी दीर्घिका दिसते का? आणि तो डाग म्हणजे आपल्यातलाच एखादा ढग नाही, हे कशावरून?

दिसते. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये चंद्र नसलेल्या रात्री नऊ-दहाच्या सुमारास महाश्व या तारकासमूहाचा मोठा चौकोन शोधा. त्याचा ईशान्येकडचा कोपरा म्हणजे देवयानी तारकासमूहाचा पहिला तारा. तिथून ईशान्येकडे निघालेल्या ताऱ्यांच्या ओळीत आधी एक मध्यम तारा लागतो, मग एक ठळक. या ठळक ताऱ्यावर थांबा आणि शर्मिष्ठा तारकासमूहाच्या बाजूला वळा. लागोपाठ दोन अंधूक तारे येतील. दुसऱ्याच्या शेजारी कापसाच्या पुसट बोळ्यासारखं काहीतरी दिसलं की पोहोचलात. हीच देवयानी दीर्घिका.

त्याआधी वीस-पंचवीस मिनिटं डोळे अंधाराला सरावू द्या आणि मोबाइल खिशातच ठेवा. सगळ्यात महत्त्वाचं, त्याच्याकडे थेट पाहू नका, किंचित बाजूला पाहा. डोळ्याच्या पडद्याचा अगदी मधला भाग अंधुक उजेडाला आंधळा असतो, कडेचा भाग जास्त जाणतो. नवख्यांपैकी निम्मे तरी 'काही दिसत नाही' म्हणतात ते रोखून पाहतात म्हणून.

तिथून आलेला प्रकाश २५ लाख वर्षं प्रवास करून तुमच्या डोळ्यात शिरतो. तो निघाला तेव्हा माणसाचे दूरचे पूर्वज दगडाची ओबडधोबड हत्यारं घडवत होते.

आता तुमची शंका. ती खूप जुनी आहे. अल-सूफी या फारसी ज्योतिर्विदाने ९६४ मध्ये या डागाची 'लहानसा ढग' अशी नोंद केली, आणि पुढे साडेनऊशे वर्षं तो ढगच राहिला. एप्रिल १९२० मध्ये यावर जाहीर वाद झाला. हीबर कर्टिस म्हणाला, ही स्वतंत्र विश्वं आहेत. शॅप्ली म्हणाला, छे, आपल्याच घरातली. सूर्याला मध्यावरून हटवणारा शॅप्ली इथे मात्र चुकला.

निकाल लावला एका काचेने. ऑक्टोबर १९२३ मध्ये एडविन हबलने माउंट विल्सनवरच्या १०० इंची दुर्बिणीतून देवयानीचं छायाचित्र काचेच्या पट्टीवर घेतलं. तीन ठिपके नवतारे, म्हणजे अचानक उजळणारे 'नोव्हा', वाटले म्हणून त्याने शाईने प्रत्येकाशेजारी 'एन' लिहिलं. जुन्या पट्ट्यांशी ताडून पाहताना लक्षात आलं की त्यातला एक तारा ठरावीक चालीने उजळतो आणि मंदावतो. त्याने 'एन' खोडला आणि 'व्हीएआर' लिहिलं, म्हणजे रूपविकारी तारा. पुढे उद्गारचिन्हही टाकलं. ते उद्गारचिन्ह आजही त्या काचेवर आहे.

एवढा आनंद कशाचा? हेन्रिएटा लेव्हिट या हार्वर्ड वेधशाळेतल्या संशोधिकेने १९१२ मध्ये दाखवलं होतं की सेफीड जातीच्या ताऱ्याचा उजळण्या-मंदावण्याचा काळ जितका लांब, तितका तो मुळात जास्त तेजस्वी. काळ मोजला की खरं तेज कळतं. खरं तेज आणि दिसणारं तेज यांची तुलना केली की अंतर कळतं. हबलच्या ताऱ्याचा काळ ३१ दिवस होता. हिशेबात अंतर सुमारे ९ लाख प्रकाशवर्षं आलं. आजच्या आकड्याच्या ते निम्म्याहूनही कमी, कारण सेफीड दोन प्रकारचे असतात हे तेव्हा कुणाला माहीत नव्हतं. पण शॅप्लीच्या फुगवलेल्या आकाशगंगेतही ते मावणारं नव्हतं. वाद तिथेच मिटला.

प्रश्न : दीर्घिका इतक्या वेगाने फिरते तर काठावरचे तारे बाहेर कसे फेकले जात नाहीत?

हा प्रश्न मला यातला सर्वांत चांगला वाटला, कारण तारे खरं तर फेकले जायला हवेत. सूर्यमालेत बुध सेकंदाला ४७ किलोमीटर धावतो, लांबचा नेपच्यून जेमतेम साडेपाच. लांब गेलं की ओढ कमी, म्हणून वेगही कमी. दीर्घिकेतही असंच असणार, असा सगळ्यांचा समज होता. व्हेरा रुबिन आणि केंट फोर्ड यांनी १९७० मध्ये देवयानीतले वेग मोजून प्रसिद्ध केले, तर बाहेरच्या भागातला वेग कमी व्हायला तयारच नाही. दिसणाऱ्या ताऱ्यांची आणि वायूची ओढ त्याला पुरी पडत नाही. म्हणजे न दिसणारं बरंच काही तिथे असलं पाहिजे. त्याला कृष्णद्रव्य म्हणतात. 'म्हणतात' हा शब्द मुद्दाम वापरला, कारण ते कशाचं बनलंय हे आजवर कुणालाही सापडलेलं नाही.

प्रश्न : देवयानी आपल्यावर येऊन आदळणार म्हणे. तेव्हा सूर्याचं काय होईल?

आधी एक माप पाहू. सूर्य १ मिलीमीटरचा वाळूचा कण मानला, तर सर्वांत जवळचा तारा म्हणजे सुमारे २९ किलोमीटरवरचा दुसरा कण. आता आकाशगंगा २५ सेंटीमीटरची थाळी मानली, तर देवयानी आहे जेमतेम सहा मीटरवर. तारे आपल्या आकाराच्या मानाने भलतेच विरळ, दीर्घिका मात्र दाटीवाटीने. म्हणून दीर्घिका एकमेकींत घुसतात, पण त्यांतल्या ताऱ्यांची टक्कर जवळपास होतच नाही. आदळतात ते वायूचे ढग, आणि त्यातून नवे तारे जन्मतात.

२०१२ मध्ये हबलचं नाव दिलेल्या अंतराळ दुर्बिणीच्या मोजमापांवरून ४०० कोटी वर्षांनी टक्कर नक्की होणार असं सांगितलं गेलं. २०२५ मध्ये शेजारच्या छोट्या दीर्घिकांची ओढही हिशेबात धरली, तेव्हा पुढच्या १,००० कोटी वर्षांत टक्कर होण्याची शक्यता निम्म्यावर आली. तशीही सूर्याची प्रखरता वाढून पृथ्वीवरचे समुद्र आटायला १०० कोटी वर्षांच्या आसपासच लागतील. काळजी करायचीच असेल तर त्याची करा.

प्रश्न : एकूण दीर्घिका किती? आणि विश्व १,३८० कोटी वर्षांचं असताना ३,४०० कोटी प्रकाशवर्षांवरची दीर्घिका कशी दिसते?

२०१६ मध्ये २ लाख कोटी हा अंदाज गाजला. न्यू होरायझन्स यानाने दूर जाऊन आकाशाचा काळोख मोजला, त्यावरून २०२१ मध्ये तो फुगलेला ठरला. आकडा १ लाख कोटीच्या आत असावा. हबल दुर्बिणीने पूर्ण चंद्राच्या व्यासाच्या दहाव्या भागाएवढी रुंद खिडकी दिवसेंदिवस न्याहाळली, तर तेवढ्यातच १० हजारांच्या आसपास दीर्घिका निघाल्या.

दुसऱ्या प्रश्नाची गाठ काळात आहे. जेम्स वेब दुर्बिणीने टिपलेल्या अतिदूर दीर्घिकांचा प्रकाश सुमारे १,३५० कोटी वर्षांपूर्वी निघाला. तो वाटेत असताना मधलं अवकाश ताणलं जात होतं. ३,४०० कोटी हे त्यांचं आजचं अंतर आहे. त्या आज तिथे कशा दिसतात ते आपल्याला दिसत नाही, आपण त्यांचं बालपण पाहतो.

प्रश्न : केंद्रात कृष्णविवर आहे, ते आपल्याला गिळेल का? आणि केंद्र आकाशात बोटाने दाखवता येईल?

गिळणार नाही. ते सूर्याच्या ४० लाखपट वजनाचं असलं तरी बुधाच्या कक्षेत सहज मावतं. आपण त्याच्यापासून २६ हजार प्रकाशवर्षं लांब आहोत आणि आपल्याला फेऱ्या घालायला लावतं ते एकटं कृष्णविवर नव्हे, आतल्या सगळ्या पसाऱ्याचं एकत्रित वजन. त्याचा पत्ता लागला तो एस२ या ताऱ्यामुळे. हा तारा १६ वर्षांत त्याला फेरी मारतो. राइनहार्ड गेन्झेल आणि आंद्रेआ गेझ यांच्या गटांनी अशा ताऱ्यांच्या कक्षा वर्षानुवर्षं मोजल्या आणि २०२० चं नोबेल मिळवलं. कृष्णविवराची सावली २०२२ मध्ये चित्रात आली.

बोटाने दाखवणं मात्र सोपं आहे. मार्च-एप्रिलमध्ये पहाटे किंवा जून-जुलैमध्ये मध्यरात्रीच्या सुमारास वृश्चिकाची नांगी शोधा. तिच्या पूर्वेला धनू राशीतले तारे चहाच्या किटलीसारखे मांडलेले दिसतात. किटलीच्या तोटीच्या टोकापासून किंचित पश्चिमेला बोट ठेवा, तेच केंद्र. तिथे डोळ्यांना काही दिसणार नाही, धूळ सगळा प्रकाश अडवते. द्विनेत्री लावलीत तर तोटीच्या वरच्या अंगाला एक धूसर ठिगळ दिसेल. पुष्कळजण त्यालाच केंद्र समजतात. तो लगून तेजोमेघ, चार-पाच हजार प्रकाशवर्षांवरचा वायूचा चमकता ढग. केंद्र त्याच्याही पाचपट मागे आहे.