पक्षाघातानंतरचे अडीच महिने: स्टेम सेल की सराव?

ताई, तुम्ही लिहिलंय की डिचोलीच्या तुमच्या बाबांना पक्षाघात होऊन अडीच महिने झाले, उजवा हात उचलतो पण बोटं पुरती उघडत नाहीत, आणि जो तो सांगतो, "तीन महिन्यांत आलं ते आलं." त्यात बाहेरच्या एका क्लिनिकने स्टेम सेलसाठी, म्हणजे मूळ पेशी शरीरात सोडण्याच्या उपचारासाठी, काही लाख मागितलेत. पैसे भरण्याआधी हे वाचाच.

सुरुवातीचे महिने मोलाचे, हे खरं. अमेरिकेतल्या सीपास चाचणीत (२०२१) ७२ रुग्णांपैकी वेगवेगळ्या गटांना नेहमीच्या उपचारांवर हाताचा २० तास जादा सराव दिला: कुणाला पहिल्या महिन्यात, कुणाला दोन-तीन महिन्यांच्या सुमारास, कुणाला सहा महिन्यांनंतर. सगळ्यात जास्त फायदा मधल्या गटाला झाला. बाबा आज नेमके तिथेच आहेत, तेव्हा हे दिवस क्लिनिकच्या फेऱ्यांत घालवू नका. पुढेही वाट बंद होत नाही. लंडनच्या क्वीन स्क्वेअर रुग्णालयात तीन आठवड्यांत ९० तास हातावर काम करून घेतात. तिथल्या निम्म्या रुग्णांना दीड वर्ष उलटलेलं होतं, तरी सुधारणा झाली आणि सहा महिन्यांनी टिकूनही होती. तुलनेला दुसरा गट मात्र नव्हता.

खरी अडचण सराव किती होतो याची. अमेरिका-कॅनडातल्या ३१२ सत्रांच्या निरीक्षणात (२००९) हाताच्या कामाच्या हालचाली एका सत्रात सरासरी फक्त ३२ निघाल्या. प्राण्यांवरच्या प्रयोगांत मेंदूत बदल दिसले ते दिवसाला शेकडो वेळा केल्यावर! माझ्या आईसाठी थेरपिस्टने आधी सोललेल्या सुपाऱ्या दिल्या होत्या. या वाटीतून उचल, त्या वाटीत सोड. उचलणं जमायचं, सोडताना अंगठा आखडायचा. मनगट थोडं खाली झुकवलं की बोटं सैल व्हायची. सुपाऱ्या जमल्यावर चिंचोके आले. कंटाळा यायचा, पण सकाळ-संध्याकाळ चालायचं.

चांगला हात बांधून ठेवायची पद्धतही सिद्ध झालेली आहे, पण तिला मनगट आणि बोटं थोडी तरी स्वतःहून उघडावी लागतात. बाबांना ती चालेल का, हे थेरपिस्टनेच ठरवावं. आणि उठवताना कमजोर हाताला धरून ओढू नका, खांदा कायमचा दुखणं होऊन बसतो.

सगळं घरच्यांवरच सोडूनही भागत नाही. भारतातल्या १४ रुग्णालयांत १२५० रुग्णांवर झालेल्या अटेंड चाचणीत (२०१७) घरच्यांना शिकवून करून घेतलेल्या व्यायामाने सहा महिन्यांनंतरचं परावलंबन कमी झालं नाही. म्हणून दगदग झाली तरी बांबोळीला गोमेकॉच्या (गोवा मेडिकल कॉलेजच्या) फिजिओथेरपी विभागात दाखवत राहा आणि दर वेळी पुढचा सराव ठरवून घ्या.

आता स्टेम सेल. आपल्याच देशात डॉ. कामेश्वर प्रसाद यांच्या नेतृत्वाखाली १२० रुग्णांवर चाचणी झाली, निष्कर्ष २०१४ साली आले. रुग्णाच्याच अस्थिमज्जेतल्या पेशी शिरेतून दिल्या. अपाय दिसला नाही, पण फायदाही दिसला नाही. आयसीएमआर या वैद्यकीय संशोधनाच्या राष्ट्रीय संस्थेच्या २०१७च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार पक्षाघातासाठी हा उपचार फक्त मान्यताप्राप्त चाचणीतच देता येतो, आणि खऱ्या चाचणीत रुग्णाकडून उपचाराचे लाखो रुपये घेत नाहीत. क्लिनिकला सीटीआरआय (भारतातल्या चाचण्यांची अधिकृत नोंदवही) नोंदणी क्रमांक आणि नैतिकता समितीचं मंजुरीपत्र मागा. क्रमांक दिलाच, तर इथे टाका. नोंदणीत काय लिहिलंय ते मी पाहून सांगते.