‘मार्केट टाउन’ला मराठीत काय म्हणायचं: बाजाराचं गाव, पेठ की कसबा?

प्रश्न असा आलाय की भाऊ इंग्लंडमधल्या एका मार्केट टाउनमध्ये राहतो, वीकेंडला त्याच्याकडे जाऊन आल्यावर गावी आजीला पत्र लिहायचंय, तर मार्केट टाउनला काय लिहू, ‘बाजारनगर’ चालेल का?

बाजारनगर नको हो, अजिबात नको. असा शब्द कोणी बोलत नाही आणि वाचल्यावर एखाद्या कॉलनीचं नाव वाटतं.

माझी ताई मार्केट हार्बरोला राहते, लेस्टरशायरमध्ये, लंडनहून ट्रेनने साधारण तासाभरावर. मागच्या वर्षी आई तिच्याकडे आली होती तेव्हा मी शनिवार-रविवार तिकडे गेलो. गावाच्या मधोमध 1614 सालची एक जुनी शाळा आहे, ती अख्खी लाकडी खांबांवर उभी आहे, वर्ग वरच्या मजल्यावर आणि खाली सगळं मोकळं, कारण खाली लोण्याचा बाजार भरायचा आणि पाऊस आला तर विकणाऱ्या बायकांना आडोसा हवा. आई त्या खांबांना हात लावून बराच वेळ उभी राहिली, मग संध्याकाळी मावशीला फोनवर म्हणाली, “बाजाराचं गाव आहे गं, आपल्या वडगावसारखं.” वडगाव म्हणजे कोल्हापूरकडचं पेठ वडगाव, तिच्या लहानपणी सगळा बाजारहाट तिथूनच व्हायचा.

माझ्या मते बोलण्यातला शब्द हाच, बाजाराचं गाव. आपल्याकडे अजूनही विचारतात ना, तुमचं बाजाराचं गाव कुठलं? म्हणजे आजूबाजूची दहा-पंधरा गावं ठरलेल्या वारी जिथे जातात ते. मार्केट टाउनचा अर्थही नेमका तोच आहे, नुसती दुकानं असलेलं गाव नव्हे. तिथे बाजार भरवायला राजाची परवानगी लागायची. 13व्या शतकातल्या ब्रॅक्टन या कायदेपंडिताच्या नावावर जो ग्रंथ आहे त्यात तर दोन बाजारांमधलं अंतरसुद्धा दिलंय, सहा पूर्णांक दोन तृतीयांश मैल, म्हणजे जवळपास पावणेअकरा किलोमीटर. हिशोब असा की माणूस दिवसाला 20 मैल चालतो, त्या दिवसाचे तीन भाग करा, एक जायला, एक बाजार करायला आणि एक उजेड असेतो घरी परतायला. मला हा हिशोब फार आवडतो, डोक्यावर पाटी घेऊन बाजाराला चालत गेलेल्या कोणालाही तो न सांगता कळेल.

आता लिहिण्यातला शब्द. जुन्या मराठी कागदांत साध्या गावामागे ‘मौजे’ लागतं आणि बाजारपेठ असलेल्या मोठ्या गावामागे ‘कसबे’, म्हणून तर कसबे सुकेणे, कसबे डिग्रज ही नावं आजही आहेत. कसबा हा शब्द मूळ अरबी, पण आपल्याकडे इतका मुरलाय की पुण्यात कसब्याचा गणपती ग्रामदैवत आहे. मार्केट टाउनसाठी याच्या इतका जवळचा शब्द मला तरी दुसरा दिसत नाही.

मग पेठ? पेठ म्हणजे मुद्दाम वसवलेली बाजाराची वस्ती. व्यापाऱ्यांना कौल, म्हणजे सरकारी लेखी अभय, द्यायचा, काही वर्षं करात सूट द्यायची, पेठेचा कारभार पाहायला शेटे-महाजन नेमायचे आणि पेठ उभी करायची. गंमत म्हणजे मार्केट हार्बरो सुरुवातीला खरं तर पेठच होतं, शेजारच्या जुन्या ग्रेट बोडनच्या हद्दीत व्यापारासाठी वसवलेलं. त्याची खूण अजून दिसते, भर रस्त्यात एवढं उंच चर्च आहे पण भोवती एकही थडगं नाही, कारण ते दुसऱ्या जुन्या चर्चच्या हाताखालचं होतं आणि दफन तिकडे व्हायचं. नावातला ‘मार्केट’ पण आपल्या ओळखीचाच आहे, अमरावती जिल्ह्यात एक चांदूर रेल्वे आहे आणि एक चांदूर बाजार, तसंच. आणि तिकडे नावात ‘चिपिंग’ दिसलं, चिपिंग नॉर्टन वगैरे, तर तोही जुन्या इंग्रजीतला बाजारच.

तेव्हा इतिहासावर लिहिताना कसबा, नवी वसवलेली बाजारवस्ती असेल तर पेठ, आणि आजीला बाजाराचं गाव.

अजून एक, तुम्ही मसुद्यात ‘वीकेंडला कुटुंबाला भेट दिली’ असं लिहिलंय ते बदला. भेट मंत्री देतात. घरच्या माणसांसाठी आपल्याकडे नुसतं ‘कडे’ पुरतं, त्यात जाणं, राहणं, जेवणं सगळं आलं. असं लिहा: “आजी, शनिवार-रविवार दादाकडे जाऊन आलो, त्याचं गाव बाजाराचं आहे.” आणि तिकडचा बाजार कुठल्या वारी असतो तेही लिहा, हार्बरोचा जुना वार मंगळवार आहे, आजी आधी तेच विचारेल.