चौकटीतली काकू

दांडिया बाजार, बडोदा

चि. मुली,
अनेक आशीर्वाद.

तुझ्या चित्राचा फोटो आधी पाहिला, पत्र नंतर वाचलं, तेच बरं झालं. चैत्रगौरीचं हळदीकुंकू, ओटीत ओले हरभरे घेतलेल्या बायका, पन्ह्याचे पेले, आणि स्वयंपाकघराच्या दाराला टेकून उभी असलेली तुझी विधवा काकू. बाकी सगळ्यांच्या कपाळावर लाल टिंब आहे. तिच्या कपाळावर तू मसुराएवढी जागा रंग न लावता सोडलीस. तो कोरा कागद पाहून मी कितीतरी वेळ बसून होते.

आजोबा म्हणाले, घरातलं वेशीवर टांगलंस. हीच माणसं तुझी रांगोळी आल्यागेल्याला कौतुकाने दाखवतात. तू चित्र काढतेस याची त्यांना अडचण नाहीच. तुला काय दिसलं ते तू सांगितलंस, ते टोचलं.

आजोबांना घेऊन एकदा कीर्तिमंदिरात जा. गायकवाड घराण्याचं स्मारक म्हटल्यावर ते येतील. नंदलाल बोस यांनी १९३९ ते १९४६ या काळात तिथल्या चार भिंती रंगवल्या. एकीवर गंगावतरण, एकीवर महाभारताचं युद्ध. उरलेल्या दोन भिंती बायकांच्या आहेत. एकीवर मीराबाई. दुसरीवर ‘नटीर पूजा’, म्हणजे रवींद्रनाथांच्या नाटकातली राजनर्तकी, जी मनाई असताना नाचून बुद्धाची पूजा करते आणि प्राण गमावते. राजघराण्याने आपल्या पूर्वजांच्या स्मारकात या दोघींना जागा दिली. तिथे वाद घालू नकोस. त्यांना सावकाश बघू दे.

कागद लहान पडतो, जेवणाच्या टेबलावर काम करावं लागतं, असं लिहिलंयस. आपल्या बडोद्याच्याच फाइन आर्ट्स कॉलेजात शिकलेल्या चित्रकार नीलिमा शेख यांची चंपाची मालिका शोधून बघ. १९८४ ची, बारा लहान चित्रं. एका मुलीचं बालपण, लग्न, सासर, आणि हुंड्यापायी तिचं जळणं. एवढी भयंकर गोष्ट, पण चित्रं अशी की माणसाला जवळ जाऊनच बघावी लागतात. घरातल्या गोष्टीला हा आकार शोभतो. मोठ्या कॅनव्हासची वाट बघत थांबू नकोस.

आता मला खटकलेलं सांगते. तुझ्या चार पानी पत्रात आजोबा आहेत, आई आहे, दादा आहे. काकू काय म्हणाली, ते कुठेच नाही. तिला चित्र दाखवलंस का? आजोबांची परवानगी तुला नको, पण काकूची हवी. चेहरा तिचा आहे, दुःखही तिचं. ती नको म्हणाली तर प्रदर्शनात लावू नकोस, फाडूही नकोस. कदाचित ती वेगळंच काही बोलेल, आणि पुढचं चित्र तिथून निघेल. हळदीकुंकवाच्या दिवशी तिला कोणी काही विचारलं नसणार, निदान तू विचार.

मी माझी चित्रं कितीतरी वर्षं ट्रंकेत, लग्नातल्या शालूखाली ठेवली. दाखवायला लागले तेव्हाही सहीत नुसती आद्याक्षरं घालायची. एकदा एका गृहस्थांनी माझं चित्र विकत घेतलं आणि माझ्या यजमानांचा हात हातात घेऊन म्हणाले, ‘काय रेषा आहे तुमची!’ मी चहाचा ट्रे धरून शेजारी उभी होते. यजमान नुसते हसले, आणि मीही काही बोलले नाही. यजमानांवरचा राग केव्हाच गेला. मी बोलले नाही याचं अजून वाईट वाटतं.

रविवारी दुपारी चित्र घेऊन ये. काकूला यावंसं वाटलं तर तिलाही आण. फोटोत उजवा कोपरा रिकामा दिसला, तिथे तुझं पूर्ण नाव घालून आण.

तुझी,
मावशी