गॅलरीतले लिंबू बहरत का नाही?

प्रश्न : आम्ही घणसोलीत सातव्या मजल्यावर राहतो. आमच्या पूर्वेच्या गॅलरीत १२ इंची कुंडीत कागदी लिंबाचे झाड आहे. रोपवाटिकेतून आणून त्याला तीन वर्षे झाली, पण ते एकदाही फुललेले नाही, आणि दर पावसाळ्यात त्याची कोवळी पाने पिवळी पडतात. दर आठवड्याला द्रवखत देतो. आणखी कोणते खत द्यावे? सोबत हापूसचे कलम लावले तर चालेल का?
— एक वाचक, नवी मुंबई

उत्तर : आपल्या पत्रातील सर्वांत महत्त्वाची गोष्ट आपण ओझरती लिहिली आहे, ती म्हणजे गॅलरीची दिशा. सूर्य वर चढला की वरच्या मजल्याचा स्लॅब पूर्वेचे ऊन अडवतो, त्यामुळे झाडाला तीन-चार तासांहून अधिक थेट ऊन मिळत नसावे. लिंबाला चांगला बहर येण्यासाठी ते निदान सहा तास हवे. त्यातच द्रवखतातून नत्र मिळत राहिले की झाड नुसता पाला वाढवते. म्हणून खत सध्या बंद करावे आणि सोसायटीची परवानगी मिळाल्यास झाड गच्चीवर न्यावे.

त्याआधी कुंडी बदलावी. एवढ्या लहान कुंडीत तीन वर्षे वाढलेल्या झाडाची मुळे कडेने वेटोळे घालून बसतात आणि दिलेले पाणी मातीत न मुरता कडेनेच निघून जाते. पाऊस ओसरल्यावर, नोव्हेंबरात, झाड मातीच्या गड्ड्यासह अलगद काढावे, कडेची वेटोळी मुळे स्वच्छ, धारदार कात्रीने कापावीत, फांद्याही थोड्या छाटाव्यात आणि ते ६० लिटरच्या, तळाला भोके पाडलेल्या ड्रममध्ये लावावे. निम्मी तांबडी माती आणि उरलेल्या निम्म्यात कुजलेले शेणखत, कोकोपीट व जाड वाळू सारख्या प्रमाणात घेऊन त्यात दोन मुठी निंबोळी पेंड मिसळावी. खोड पूर्वीपेक्षा खोल गाडू नये, कारण मातीत दबलेली साल कुजते. पहिले आठ-दहा दिवस झाड सावलीत ठेवावे. ओल्या मातीने भरलेला असा ड्रम ८०-९० किलोपर्यंत भरतो, तेव्हा गच्ची मिळाली नाही तरी गॅलरीत असे ड्रम ओळीने मांडू नयेत, ही माझी आग्रहाची विनंती आहे.

पावसाळ्यात कोवळ्या पानांच्या शिरा हिरव्या राहून मधला भाग पिवळा पडत असेल, तर ते लोहाच्या कमतरतेचे लक्षण आहे. लोह मातीत असले तरी साचलेल्या पाण्यात गुदमरलेली मुळे ते घेऊ शकत नाहीत. आपल्याकडच्या पावसात कुंडीखालची ताटली जूनच्या आरंभीच काढून कुंडी विटांवर ठेवावी. त्या ताटलीतल्या पाण्यात डेंग्यूचे डास वाढतात, हेही ती काढण्याचे तितकेच मोठे कारण आहे.

बागायतदार बहर धरण्यासाठी झाडाला पाण्याचा ताण देतात, हे आपण ऐकले असेल. जमिनीतले झाड काही आठवड्यांचा ताण सोसते, पण कुंडीतली माती दोन-तीन दिवसांतच कोरडी होते आणि बागेचे वेळापत्रक घरी वापरल्यास झाड वाळून जाते. या वर्षी ताण मुळीच देऊ नये. पुढच्या वर्षी, झाड सशक्त असेल तरच, पाने किंचित मलूल होईपर्यंत पाणी रोखावे आणि मग भरपूर द्यावे. आपले रोप बियांपासूनचे आहे की गुटी कलम (झाडावरच्या फांदीलाच मुळे फोडून केलेले रोप), हे रोपवाटिकेत विचारून घ्यावे, कारण गुटी कलम दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी फळू लागते, तर बियांच्या रोपाला चार-पाच वर्षे किंवा अधिकही लागतात. तसे असेल तर न फुलण्यात झाडाचा काही दोष नाही.

हापूसचे कलम गॅलरीत लावू नये. गच्ची मिळाल्यास आम्रपाली निवडावी. दशहरी आणि नीलम यांच्या संकरातून दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेत तयार झालेली ही जात बुटकी राहते आणि दरवर्षी फळते; हापूसचा विस्तार मोठा असतो आणि त्याचा स्वभाव वर्षाआड फळण्याचा आहे.