जुन्या कॅम्पेनमधले वीर नव्या कॅम्पेनमध्ये कुठे ठेवायचे?

प्रश्न : तीन वर्षं चाललेलं आमचं डी अँड डी (डन्जन्स अँड ड्रॅगन्स, टेबलाभोवती बसून वीरांच्या भूमिका करत खेळायचा खेळ) कॅम्पेन, म्हणजे अनेक बैठकांची सलग गोष्ट, संपलं. सगळे विसाव्या, म्हणजे सर्वांत वरच्या लेव्हलला पोचले. नवं कॅम्पेन त्याच जगात करायचंय. पण असले वीर हयात असताना पहिल्या लेव्हलच्या पोरांना कोण विचारणार?

सतराव्या लेव्हलच्या विझार्डच्या (जादूगाराच्या) हाती 'विश' हा जवळजवळ काहीही घडवून आणणारा स्पेल (मंत्र) येतो. असा माणूस शेजारच्या शहरात राहत असेल, तर गॉब्लिन हाकलायला नवख्यांना कोण बोलावेल? मी एकदा जुन्या पार्टीतल्या, म्हणजे वीरांच्या टोळीतल्या, पॅलाडिनला (धर्मयोद्ध्याला) राजा केलं आणि नव्या पार्टीला पहिली कामगिरी त्याच्याच तोंडून दिली. चौथ्या सेशनपर्यंत टेबलावर एकच पालुपद : "महाराज स्वतः का येत नाहीत?" मी गुडघेदुखीचं कारण पुढे केलं. त्यावर त्यांनी महाराजांसाठी क्लेरिक, म्हणजे दुखणी बरा करणारा पुजारी, शोधायला घेतला.

सरळ उपाय म्हणजे काळ पुढे न्या किंवा जागा बदला. शंभर वर्षं पुढे गेलात तर माणसं संपतात, पण खेळाच्या पाचव्या आवृत्तीत ड्वार्फ साडेतीनशे वर्षं जगतो आणि एल्फ साडेसातशे, म्हणजे तुमचा एल्फ रेंजर (रानातला योद्धा) तिथेच बसलेला असतो! मला वीसेक वर्षांचं अंतर आवडतं. वीर थकलेले, त्यांची मुलं मोठी झालेली, आणि त्यांच्या गोष्टी चुकीच्या सांगणारी माणसं भरपूर. 'क्रिटिकल रोल' या डी अँड डी खेळून दाखवणाऱ्या वेब-शोचं 2018 मध्ये सुरू झालेलं दुसरं कॅम्पेन पहिल्यानंतर साधारण वीस वर्षांनी, आणि तेही दुसऱ्या खंडावर घडतं.

याहून चांगलं म्हणजे जुन्या वीरांना कामाला लावा. खलनायकाला कोंडलंय तिथला पहारा त्यांच्याशिवाय टिकत नाही, असं एकदा ठरलं की ते हयात असतात पण मोकळे नसतात. "का येत नाहीत?" याचं उत्तर तयार, शिवाय त्यांच्यातला एक मेला तर काय होईल हेही.

प्रश्न : पाच खेळाडूंपैकी दोघी नवीन आहेत. जुना संदर्भ आला की तिघे खिदळतात आणि या दोघी फोन काढतात.

फोन काढणारच. "आठवतंय का?" यावर उभा असलेला प्रसंग नवख्यांसाठी प्रसंगच नसतो. मी स्वतःला विचारतो : मागचं काहीच माहीत नसेल तरी इथे करण्यासारखं काही आहे का?

समजा, जुन्या पार्टीने शत्रूचं सैन्य अडवायला नदीवरचा पूल जाळला होता. नव्या कॅम्पेनमध्ये पूल नाही, नावाडी तोंडाला येईल तो दर सांगतात आणि पैसे नसलेल्याला काठावरच ठेवतात. दोघींना आत्ताचा अन्याय दिसतो. तिघांना शिवाय हेही ठाऊक असतं, की आग कुणी लावली. आता पुढची पायरी, आणि ती बहुतेक डीएम (डन्जन मास्टर, म्हणजे गोष्ट चालवणारे) विसरतात : जुन्यांनी जे पाहिलंच नाही ते नव्यांच्या हाती द्या. त्यातल्या एकीच्या कॅरेक्टरचा बाप त्या रात्री पुलावर होता. हे तिला सेशन झिरोला, म्हणजे खेळाआधीच्या तयारीच्या बैठकीच्या वेळीच सांगा, बाकीच्यांना नको. ज्या विजयावर तिघांनी जल्लोष केला, त्याची दुसरी बाजू त्यांना तिच्याकडून कळेल, आणि तेव्हा फोन कुणाच्याच हातात नसेल.

प्रश्न : गट सोडून गेलेल्या मित्राचं कॅरेक्टर एनपीसी (खेळाडू नव्हे, डीएम चालवतो ते पात्र) म्हणून वापरू का?

आधी त्याला विचारा. हो म्हणाला तरी त्या कॅरेक्टरला मारू नका, गद्दार करू नका. नुसतं नाव वापरायचं असेल तर फार सोपं. डी अँड डीचे एक जनक गॅरी गायगॅक्स यांच्या मुलाचं, अर्नेस्टचं कॅरेक्टर होतं टेन्सर, म्हणजे 'अर्नेस्ट'चीच इंग्रजी अक्षरं उलटसुलट करून. 'टेन्सर्स फ्लोटिंग डिस्क' हा स्पेल आजही लोक वापरतात, बहुतेकांना टेन्सर कोण हे ठाऊक नसतं आणि त्यावाचून काही अडतही नाही.

प्रश्न : मधल्या वीस वर्षांचा इतिहास लिहायला घेतलाय, चाळीस पानं झालीत. खेळाडूंना कधी पाठवू?

पाठवू नका. 'पेंड्रॅगन' या गेममध्ये दर वर्षाअखेरीस 'विंटर फेज' असतो : लग्नं, मुलं, जमिनीचं उत्पन्न, सगळं फाशांवर, टेबलावरच ठरतं. तसं काही करा. पहिल्या सेशनला प्रत्येकाने त्या वीस वर्षांत सुधारलेली एक गोष्ट सांगायची आणि बिघडलेली एक. दोघांचं जुळलं नाही तर दोन्ही ठेवा, एक सरकारी इतिहास आणि एक गुत्त्यातला. तुमच्या चाळीस पानांतलं जे आपोआप तोंडी येईल तेवढंच वापरा.

प्रश्न : आमचं आधीचं कॅम्पेन अर्धवटच सुटलं. ते जोडता येईल?

येईल की. त्यात खलनायक जिंकला असं धरा आणि तिथून सुरू करा.