बाबा म्हणतात, तिथलं राजकारण आपलं नव्हे

प्रश्न : आम्ही कॅनडातल्या कॅल्गरीत राहतो. मुलगा कॉमर्सच्या दुसऱ्या वर्षाला आहे. त्याला राजकारणाचं वेड लागलंय. शनिवार-रविवार एका उमेदवाराची पत्रकं घेऊन दारोदार हिंडतो. ह्यांचं म्हणणं, आपली इथे ओळख ना पाळख, कोण विचारणार? सासरे पुण्याहून फोन करतात ते, ‘शिक्षण सोडलं का रे?’ एवढंच विचारायला. त्याला कसं आवरू?

उत्तर : आवरू नका. पण सासऱ्यांच्या प्रश्नात तथ्य आहे, त्याकडे येतेच.

तुमच्याच शहराचे माजी महापौर नाहिद नेन्शी यांचं उदाहरण घ्या. आई-वडील टांझानियाहून आलेले, गुजराती मुळाचे इस्माइली पंथाचे मुस्लिम. जन्म १९७२ चा, टोरांटोतला. वाढले मात्र कॅल्गरीत. मागे ना घराणं, ना साखर कारखाना. कॅल्गरी विद्यापीठातून कॉमर्सची पदवी, म्हणजे तुमच्या चिरंजीवांचीच वाट. मग मॅकिन्झी या सल्लागार कंपनीत नोकरी, हार्वर्डमध्ये सार्वजनिक धोरणाचा अभ्यास, नंतर माउंट रॉयल विद्यापीठात प्राध्यापकी. २००४ मध्ये नगरसेवकपदासाठी उभे राहिले आणि पडले. २०१० मध्ये थेट महापौरपदाला उभे राहिले, तेव्हा सुरुवातीला फारसं कुणी त्यांना मोजतही नव्हतं. निवडून आले सुमारे ४० टक्के मतांवर. प्रचाराचा रंग जांभळा: लिबरलांचा लाल आणि कॉन्झर्व्हेटिव्हांचा निळा, दोन्ही मिसळून. उत्तर अमेरिकेतल्या एखाद्या मोठ्या शहराचा पहिला मुस्लिम महापौर म्हणून जगभर बातम्या झाल्या. कॅल्गरीकरांना मात्र रस होता तो रस्ते, बस आणि कर यांत.

सासऱ्यांना एक गोष्ट समजावून सांगा. आपल्याकडे महापौर नगरसेवक निवडतात आणि कारभाराची सूत्रं आयुक्तांच्या हाती. कॅल्गरीत महापौर थेट लोक निवडतात, पण सभागृहात त्याचं मत पंधरांतलं एक. म्हणजे बाकीच्यांना पटवल्याशिवाय काही होत नाही. बेसमेंटचंच पाहा. नवीन आलेली किती मराठी घरं पहिली दोन-तीन वर्षं तिथेच काढतात! पण शहराच्या बऱ्याच भागांत बेसमेंट कायदेशीरपणे भाड्याने द्यायचं तर घरमालकाचा अर्ज थेट नगरसभेसमोर जायचा. तिथे शेजारी माइकसमोर येऊन ‘गाड्या कुठे लावणार?’ म्हणून तक्रार करायचे आणि नगरसेवक एकेका घरावर मत द्यायचे. हा प्रकार बदलावा म्हणून नेन्शी पहिल्या निवडणुकीपासून मागे लागले होते. नियम बदलले २०१८ मध्ये. आठ वर्षं, एका तळघरासाठी. मुलाला हे नक्की सांगा. टीव्हीवर दिसतं ते राजकारण वेगळं.

जून २०१३ च्या पुरात बो आणि एल्बो नद्या शहरात घुसल्या, हजारो लोकांना घरं सोडावी लागली. तेव्हा महापौर इतके तास जागे होते की ‘जरा झोपा हो’ म्हणून ट्विटरवर लोकांनीच मोहीम चालवली. त्याच वर्षी ते ७४ टक्के मतांनी पुन्हा निवडून आले. २०१७ ची निवडणूक मात्र चुरशीची झाली. २०१८ मध्ये हिवाळी ऑलिंपिक आणायचा त्यांचा आग्रह मतदारांनीच जनमतात फेटाळला. २०२१ मध्ये ते उभेच राहिले नाहीत. माझ्या मते थांबायचं कधी हे कळणं दुर्मीळ. आपल्याकडे तर विचारूच नका.

२०२४ मध्ये ते तुमच्या अल्बर्टा प्रांतातल्या एनडीपी (न्यू डेमोक्रॅटिक पार्टी) या पक्षाचे नेते झाले, ८६ टक्के मतांनी. आयुष्यभर ‘मी कुठल्याच पक्षाचा नाही’ म्हणणाऱ्या माणसाने एका पक्षाची धुरा घ्यावी हे काहींना खटकलं आणि ते खटकणं मला रास्त वाटतं. नेते झाले तरी विधानसभेत जागा नव्हती. ती मिळाली जून २०२५ मध्ये, एडमंटन-स्ट्रॅथकोना मतदारसंघाच्या पोटनिवडणुकीत.

आता सासऱ्यांचा मुद्दा. पदवी पुरी झालीच पाहिजे आणि हाताशी एखादा पेशा हवा. निवडणूक हरल्यावर सोमवारी सकाळी कुठे जायचं, हे ज्याला ठाऊक असतं तोच ताठ मानेने बोलू शकतो. पण म्हणून शनिवारची पत्रकं बंद करू नका. उलट तुमच्या कम्युनिटी असोसिएशनच्या, म्हणजे वस्तीतल्या रहिवासी संघाच्या, बैठकीला त्याला पाठवा. बर्फाच्या रिंकची देखभाल, हॉलचं भाडं, नवीन इमारतीवरून शेजाऱ्यांची भांडणं, हे तिथे शिकायला मिळतं. दारोदार फिरताना दहा-पंधरा दारं तोंडावर बंद होतात, हे त्याला आधीच कळलं असेल. ते सोसण्याची सवय कॉलेजात शिकवत नाहीत.

तुमच्याबद्दलही विचारते. तुम्ही नागरिकत्व घेतलंय का? नुसत्या पीआरवर, म्हणजे कायम वास्तव्याच्या परवान्यावर, नगरपालिकेलाही मत देता येत नाही आणि प्रांताच्या निवडणुकीला उभं राहायचं तर नागरिकत्व लागतंच. पाच वर्षांत १०९५ दिवस भरले की अर्ज करता येतो. गावची शेती आड येते म्हणून अनेक जण टाळाटाळ करतात. ओसीआय, म्हणजे भारताचं नागरिकत्व सोडलेल्यांना मिळणारं कार्ड, घेतल्यावर शेतजमीन विकत घेता येत नाही हे खरं, पण वारशाने आलेली ठेवता येते. कागदपत्रांसाठी वकिलाला भेटा, व्हॉट्सअॅपवरच्या काकांना नको.

आणि तुमच्या ह्यांना एका शनिवारी मुलाबरोबर पाठवा. त्यांनी काही बोलायची गरज नाही, पत्रकांची पिशवी धरली तरी पुरे. बूट मात्र जाड घालायला सांगा, ऑक्टोबरात कॅल्गरीत बर्फ पडायला वेळ लागत नाही.